मूळ दप्तराचा शोध

मराठवाड्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण उशिरा आले, आणि उशिरा आले म्हणूनच त्याची ओढ या मुलखात अन्य ठिकाणांपेक्षा अधिक तीव्र झाली, असे मला वाटते. निजामाच्या अंमलात ज्या थोड्या तरुणांपाशी वैद्य होण्याची आकांक्षा आणि त्यासाठी लागणारी ऐपत ही दोन्ही असत, त्यांना गाव सोडून हैदराबादेची वाट धरावी लागे, आणि तेथेही १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चालत असल्यामुळे मराठी घरातील मुलाला आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले; तथापि या विभागाचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस निघावयास १९५६ साल उजाडले, ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईस १९७४ साली आले, नांदेडला ते १९८८ साली मिळाले, आणि लातूरला १९९० साली खाजगी व २००२ साली शासकीय अशी दोन महाविद्यालये लाभली. एका पिढीने ज्याची केवळ इच्छा धरली, ते दुसऱ्या पिढीला हाताच्या अंतरावर दिसू लागले; त्या अंतराचे मोजमाप करण्यात लातूर आणि नांदेड या दोन शहरांनी गेली चाळीस वर्षे आपली सारी बुद्धी खर्च केली आहे.

लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी अध्यापनपद्धती रुजविली, तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. नियमित तासांखेरीज जादा तास, वारंवार चाचण्या, तपासलेल्या उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याशी प्रत्यक्ष बोलणे, असे त्या पद्धतीचे साधे पण कष्टाचे स्वरूप होते. आणि ज्या मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते त्यालाही पुण्या-मुंबईच्या मुलाच्या बरोबरीने बसता येते, हा विश्वास तिने या भागाला दिला. हेच वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हा योगायोग या दोन शहरांचे शैक्षणिक नाते सांगावयास पुरेसा आहे. आज परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळ येथून, आणि सीमेपलीकडील बिदरकडूनही, मुले लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगरात खोल्या घेऊन राहतात, मेसचा डबा खातात, आणि दोन वर्षे, काही जण तीन किंवा चार वर्षे, एका परीक्षेसाठी झिजतात.

या साऱ्या खटाटोपात एक मोठी उणीव राहून गेली आहे, आणि प्रस्तुत प्रकरण तिच्याविषयी आहे. परीक्षेविषयीचे ज्ञान या मुलखात इतके सूक्ष्म झाले आहे, की नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राचे ९० प्रश्न आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ असतात, एकूण गुण ७२० असतात, हे चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगतो. परंतु ती परीक्षा ज्या क्षेत्राचे केवळ एक दार आहे, त्या क्षेत्राच्या आत किती दालने आहेत, कोणत्या दालनात कोणते काम चालते, तेथे शिरण्यासाठी कोणती सनद लागते, हे सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसले आणि एमबीबीएसच्या जागा त्या वेळी एका लाखाच्या थोड्याच वर होत्या; म्हणजे बसणाऱ्यांपैकी फार मोठ्या समुदायाला आयुष्याचा विचार दुसऱ्या रीतीने करावा लागणार, हे आधीच ठरलेले होते. तो विचार निकालानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत, अपयशाने मन खचलेले असताना आणि नातलगांच्या सल्ल्यांचा मारा चालू असताना करावयाचा, की अकरावीच्या आरंभी शांत चित्ताने करावयाचा, एवढाच प्रश्न असतो. मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे, आणि आरोग्यक्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमाची, परिषदेची, महाविद्यालयाची व नोकरीची अधिकृत माहिती आज घरबसल्या पाहता येते. तरीही ती पाहिली जात नाही, याचे कारण ती कोठे पाहावी आणि कोणत्या क्रमाने पाहावी, हे कोणी शिकविलेले नसते.

क्रमाचे पहिले सूत्र असे, की माहितीपेक्षा माहितीचा धनी आधी शोधावा. मराठवाड्यातला शेतकरी जमीन घेताना दलालाच्या शब्दावर व्यवहार करीत नाही. तो सात-बारा पाहतो, फेरफार पाहतो, आणि मनात किंतु राहिला तर १९५४ च्या खासरापत्रकाची नक्कल तहसिलीतून काढून आणतो, कारण हक्काची मूळ नोंद कोणत्या दप्तरी असते हे त्याला वडिलार्जित ज्ञानाने ठाऊक असते. मुलाच्या किंवा मुलीच्या आयुष्याचा व्यवहार करतानाही हीच सावधगिरी हवी. आरोग्यक्षेत्रातील बहुतेक प्रतिष्ठित कामांच्या मागे कायदा, कायद्याने स्थापलेली परिषद, आणि त्या परिषदेची नोंदवही उभी असते. ती परिषद म्हणजे मूळ दप्तर. जाहिराती, चित्रफिती, शिकवणीवर्गांची पत्रके, शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव ही सारी त्याची नक्कल, आणि नकलेत मजकूर वगळला जाण्याचा संभव नेहमीच असतो.

आधुनिक वैद्यकासाठी हे दप्तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी २५ सप्टेंबर २०२० पासून हा आयोग काम करू लागला, आणि त्याच्या संकेतस्थळावर देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालयाचे नाव, स्थापनेचे वर्ष, व्यवस्थापन कोणाचे, आणि मंजूर जागा किती, हे कोणासही पाहता येते. त्याचप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरांची नावेही तेथे शोधता येतात. आयुर्वेद व युनानी यांसाठी भारतीय चिकित्सापद्धतींचा राष्ट्रीय आयोग आहे, होमिओपॅथीसाठी वेगळा आयोग आहे, परिचर्येसाठी १९४७ च्या कायद्याने स्थापलेली भारतीय परिचर्या परिषद आणि तिच्याबरोबर महाराष्ट्राची राज्य परिषद आहे, औषधनिर्माणशास्त्रासाठी १९४८ च्या कायद्याखालील परिषद आहे. महाराष्ट्रातील आरोग्यविषयक पदव्या बहुतांशी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. संलग्न महाविद्यालयांची यादी आणि अभ्यासक्रम त्याच्या संकेतस्थळावर आहेत.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा, कारण तो न कळल्यामुळे अनेक कुटुंबांचे पैसे व मुलांची वर्षे वाया गेली आहेत. संलग्नता विद्यापीठ देते, मान्यता परिषद देते, जागांची संख्या त्या त्या वर्षासाठी ठरते, आणि शिक्षण पुरे झाल्यावर व्यवसाय करण्याची सनद पुन्हा परिषद देते. यांतील एक दाखला दुसऱ्याच्या जागी चालत नाही. एखादी संस्था शासनाकडे सोसायटी म्हणून नोंदलेली आहे, किंवा तिच्या भिंतीवर एखाद्या गुणवत्ता-मानकाचे प्रमाणपत्र टांगलेले आहे, एवढ्यावरून तिची पदविका घेतलेल्या मुलीला परिचारिका म्हणून नोंदणी मिळेल असे मुळीच नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव पाहावे, त्या नावापुढे हवा तोच अभ्यासक्रम आहे काय हे पाहावे, आणि ती यादी चालू शैक्षणिक वर्षाची आहे काय हे पाहावे. एएनएमची मान्यता असलेल्या संस्थेला जीएनएमची मान्यता असेलच असे नाही, आणि जीएनएमची असली तरी बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी लागते. या तिन्ही अभ्यासक्रमांची मुदत अनुक्रमे दोन, तीन आणि चार वर्षांची असल्यामुळे, चुकीच्या नावावर घेतलेला प्रवेश म्हणजे तितक्या वर्षांचे नुकसान होय.

परिचर्या, औषधनिर्माण यांच्या पलीकडे जो मोठा प्रांत आहे, तो आजवर कायद्याच्या दृष्टीने बराचसा अस्ताव्यस्त होता. प्रयोगशाळेत रक्त तपासणारा, क्ष-किरणाचे यंत्र चालविणारा, शस्त्रक्रियागृहात भुलीच्या उपकरणांची व्यवस्था ठेवणारा, डायलिसिसच्या खाटेपाशी चार चार तास उभा राहणारा, डोळ्यांचा नंबर काढणारा, लकवा झालेल्या रुग्णाला पुन्हा बोटे हलवावयास शिकविणारा, रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणारा, या सर्वांशिवाय एकही मोठे रुग्णालय एक दिवसही चालू शकत नाही. तरीही त्यांच्यापैकी अनेकांना आपला व्यवसाय कोणत्या कायद्यात बसतो हे सांगता येत नसे. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि या व्यवसायांची दहा वर्गांत मांडणी केली. मला या कायद्याचे परिशिष्ट विशेष महत्त्वाचे वाटते. प्रयोगशाळाशास्त्र, अपघात व शस्त्रक्रियेशी संबंधित तंत्रज्ञान, भौतिकोपचार, पोषण, नेत्रविज्ञान, व्यवसायोपचार, समाज व वर्तनविषयक आरोग्य, किरणचिकित्सा व प्रतिमातंत्र, वैद्यकीय तंत्रज्ञान, आरोग्यमाहितीचे व्यवस्थापन, असे ते वर्ग आहेत, आणि प्रत्येकाखाली व्यवसायांची नावे दिलेली आहेत. अकरावीच्या विद्यार्थ्याला क्षेत्राचा नकाशा म्हणून हातात द्यावे असे याहून विश्वसनीय पान मला दुसरे दिसत नाही. कारण ते कोणाच्या विक्रीसाठी लिहिलेले नाही, आणि त्यात ज्या व्यवसायाचे नाव आहे त्याला उद्या नोंदणीचा आधार असणार आहे.

नकाशा हाती आल्यावर दाराची चौकशी. महाराष्ट्रात प्रत्येक दाराची किल्ली निराळी आहे, आणि येथे ऐकीव माहितीने फार घोटाळे होतात. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्याबरोबर भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि वाचा-श्रवणदोष चिकित्सा यांचे प्रवेशही नीटच्या गुणवत्ता यादीवरून होत आले आहेत, बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते, बी.फार्मसीचा मार्ग एमएचटी-सीईटीतून जातो, तर डी.फार्मसीचा बारावीच्या गुणांवरून. ज्याला भौतिकोपचार तज्ज्ञ व्हावयाचे आहे त्याने नीट टाळली, आणि जिला परिचारिका व्हावयाचे आहे तिने नर्सिंगच्या सीईटीचा अर्ज मुदतीत भरला नाही, तर दोघांचेही वर्ष बुडते. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील माहितीपुस्तिका बहुतांशी इंग्रजीत असते, पाने बरीच असतात, आणि मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात अर्ज भरून देणारा मुलगा ती वाचीत नाही. तो कालच्या अर्जावरून आजचा अर्ज भरतो. म्हणून घरातील कोणीतरी एकाने, भाषांतराचे साधन लागले तर ते हाताशी घेऊन, ती पुस्तिका आरंभापासून अखेरपर्यंत वाचावी. पात्रता, कागदपत्रे, आरक्षण आणि प्रवेश रद्द केल्यास होणारे परिणाम, ही चार प्रकरणे तर दोनदा वाचावीत.

नियम बदलतात, आणि बदललेला नियम पहिल्यांदा शासन निर्णयाच्या रूपाने प्रकट होतो. महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर विभागवार ठेवलेले असतात, प्रत्येकाला संकेतांक असतो, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट अशी, की ते मराठीत असतात. त्यांची भाषा क्लिष्ट वाटते. परंतु त्यांची रचना ठरलेली असते. आरंभी ‘वाचा’ या शब्दाखाली पूर्वीच्या निर्णयांचे क्रमांक व तारखा येतात, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय. ‘वाचा’खालची ती यादी म्हणजे त्या विषयाची वंशावळच असते, तिच्या आधाराने एका निर्णयावरून मागे मागे जात मूळ योजनेपर्यंत पोहोचता येते, आणि मध्यंतरी काय रद्द झाले, काय दुरुस्त झाले, हे कोणाच्याही मध्यस्थीवाचून कळते.

तारखेचे महत्त्व पटविण्यासाठी मराठवाड्याला दूरचे उदाहरण नको. वैद्यकीय प्रवेशांत सत्तर-तीसचे विभागीय सूत्र दीर्घकाळ चालू होते. त्यानुसार एखाद्या विभागातील महाविद्यालयांच्या सत्तर टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांसाठी असत, आणि उरलेल्या तीस टक्के राज्यस्तरावर भरल्या जात. ज्या विभागात महाविद्यालये थोडी आणि गुणवंत विद्यार्थी पुष्कळ, त्या मराठवाड्याच्या मुलांना या सूत्राचा जाच अधिक होई. उर्वरित महाराष्ट्रातील मुलाला ज्या गुणांवर जागा मिळे त्याहून अधिक गुण मिळवूनही लातूर-नांदेडचा विद्यार्थी बाहेर राही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने हे सूत्र रद्द केले. त्या वेळचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख हे लातूरचेच होते. या एका निर्णयाने २०२० पूर्वीच्या प्रवेशाचे सारे आकडे तुलनेच्या कामी निरुपयोगी झाले. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी दहा टक्के आरक्षणाचा कायदा आला आणि प्रवेशयादीतील रकाने पुन्हा बदलले. निजामकालीन दप्तरांतील नोंदींवरून जातीचे दाखले देण्याचे काम सुरू झाल्यावर अनेक घरांचा प्रवर्गच पालटला. जुनी चित्रफीत पाहून, तिच्यावर तारीख न पाहता, प्रवेशाचा आडाखा बांधणारा विद्यार्थी अस्तित्वात नसलेल्या नियमांवर विसंबून राहतो.

कट-ऑफ वाचण्याविषयीही येथेच सांगितले पाहिजे, कारण या दोन शहरांत सर्वाधिक उच्चारला जाणारा शब्द बहुधा हाच असेल, आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याविषयीच आहे. ‘गेल्या वर्षी इतक्या गुणांवर नांदेड मिळाले,’ असे जे म्हटले जाते त्यात दोन चुका संभवतात. पहिली गुणांची. २०२४ साली पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते, आणि सुधारित निकालानंतरही अशा विद्यार्थ्यांची संख्या १७ राहिली. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६ होते. प्रश्नपत्रिकेचा कस इतका बदलत असताना एका वर्षीच्या गुणांवरून दुसऱ्या वर्षीच्या जागेचा अंदाज करणे सर्वथा अशास्त्रीय आहे. तुलना करावयाची ती अखिल भारतीय क्रमांकाची. दुसरी चूक फेरीची. सीईटी कक्ष प्रत्येक फेरीची यादी प्रसिद्ध करतो; पहिल्या फेरीत वर असलेल्या अनेकांना अखिल भारतीय कोट्यातून जागा मिळते, ते राज्याची जागा सोडतात, आणि पुढच्या फेऱ्यांत क्रमांक खाली उतरतो. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा केंद्रीय समुपदेशन समितीच्या आणि पंच्याऐंशी टक्के राज्याच्या, हे ध्यानात ठेवून दोन्ही याद्या शेजारी शेजारी वाचाव्या लागतात. दोन वर्षांच्या सर्व फेऱ्यांच्या याद्या उतरवून घेऊन आपल्या प्रवर्गाच्या रकान्यात शेवटचा क्रमांक कोणता होता हे स्वतः वहीत लिहून काढणे हे एका रविवारचे काम आहे. ते ज्याने केले, त्याला पैसे घेऊन अंदाज सांगणाऱ्याकडे जाण्याचे कारण उरत नाही.

शुल्काची चौकशी संकोचाने टाळली जाते. ती टाळू नये. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते आणि महाविद्यालयवार प्रसिद्ध करते. त्याहून अधिक रक्कम कोणी मागितली, तर ती कोणत्या शीर्षाखाली हे विचारण्याचा पालकाला हक्क आहे. २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना शिक्षणशुल्काची पूर्ण सवलत देणारा निर्णय शासनाने घेतला. किनवट-माहूरच्या किंवा अहमदपूर-उदगीरच्या एखाद्या घरात मुलीच्या शिक्षणाचा विषय ज्या क्षणी पैशापाशी अडतो, त्या क्षणी हा एक कागद समोर असणे किती मोलाचे आहे, हे मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु त्यातही ‘केंद्रीभूत प्रक्रियेतून’ हे शब्द निर्णायक आहेत. संस्थेने आपल्या स्तरावर दिलेल्या प्रवेशास ती सवलत लागू होत नाही.

एवढे झाले तरी मुख्य प्रश्न शिल्लकच राहतो, तो म्हणजे काम कसे असते. याचे उत्तर संगणकाच्या पडद्यावर मिळत नाही अशी समजूत आहे, पण ती अंशतःच खरी आहे. अमेरिकेच्या श्रमविभागाने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना उपजीविका निवडता यावी म्हणून व्यवसायांची जी मार्गदर्शिका सुरू केली, ती आज संगणकावर सर्वांना खुली आहे, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने आपल्या रुग्णालयांतील शेकडो भूमिकांची वर्णने अशाच रीतीने मांडली आहेत: दिवस कसा जातो, कोणाबरोबर काम करावे लागते, शरीराला व मनाला कोणता ताण पडतो. त्यांतील पगाराचे आकडे आणि पात्रतेचे नियम आपल्याला गैरलागू आहेत. कामाचे वर्णन मात्र पुष्कळसे लागू आहे, कारण रक्ताचा नमुना लातुरात घेतला काय आणि लंडनमध्ये घेतला काय, तो घेणाऱ्याच्या हाताला लागणारी स्थिरता एकच असते. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने युनिसेफच्या साहाय्याने २०२० साली नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाकरिअर पोर्टल काढले. केंद्राचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल २०१५ पासून आहे. आरंभासाठी ती उपयुक्त आहेत.

तथापि माझ्या मते कामाचे खरे स्वरूप दोन कागदांवरून कळते, आणि ते दोन्ही कागद सहज उपलब्ध असूनही कोणी उघडीत नाही. एक म्हणजे अभ्यासक्रम. परिचर्येच्या किंवा प्रयोगशाळाशास्त्राच्या अभ्यासक्रमात वर्गातील तास किती आणि रुग्णकक्षातील किंवा प्रयोगशाळेतील तास किती हे स्पष्ट लिहिलेले असते. ज्या मुलीला माणसांत राहून काम करणे आवडते तिला, आणि ज्या मुलाला एकांतात बारकाईने पाहणे आवडते त्याला, हा तक्ता पाहून आपली जागा ओळखता येते. दुसरा कागद म्हणजे नोकरभरतीची जाहिरात. जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, राष्ट्रीय आरोग्य अभियान यांच्या जाहिराती संकेतस्थळांवर येतात. त्यांत अधिपरिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी, आहारतज्ज्ञ, समाजसेवा अधीक्षक, समुदाय आरोग्य अधिकारी अशी पदे, प्रत्येकाची शैक्षणिक अर्हता, परिषदेची नोंदणी, वेतनश्रेणी किंवा कंत्राटी मानधन, सारे नमूद असते. अभ्यासक्रम घेण्यापूर्वी तीन-चार जाहिराती वाचून पाहावे, की आपण जी पदविका घेऊ पाहत आहोत तिचे नाव अर्हतेच्या रकान्यात आहे काय. नसेल, तर त्या पदविकेची जाहिरात कितीही आकर्षक असो, शासकीय सेवेच्या दृष्टीने ती कुचकामी आहे. त्याचप्रमाणे पद कायम आहे की कंत्राटी, हा एक शब्द पुढील वीस वर्षांचे स्वास्थ्य ठरवितो. बीएएमएस झालेल्यांपैकी अनेक जण २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर, आणि पुढे उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून, काम करू लागले. ज्याने नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचा केवळ कट-ऑफ पाहिला आणि या जाहिराती पाहिल्या नाहीत, त्याला आयुर्वेदाच्या पदवीधराचे आजचे जीवन अर्धेच दिसले.

परदेशाचा मोहही या भागात मोठा आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध भडकले तेव्हा मराठवाड्यातील किती घरांत अन्न गोड लागले नाही, हे विसरण्याजोगे नाही. जो परदेशी एमबीबीएसचा विचार करतो त्याने एजंटाचे पत्रक बाजूला ठेवून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची १८ नोव्हेंबर २०२१ ची नियमावली वाचावी: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, तो इंग्रजी माध्यमातून, आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता. यांतील एक अट हुकली तरी भारतात नोंदणी होत नाही. परिचर्येच्या क्षेत्रात जर्मनीची वाट नव्याने खुली होत आहे; महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. तेथे जर्मन भाषेच्या परीक्षेची पायरी अटळ आहे आणि तिला वेळ लागतो, हे करारातील उत्साहाइतक्याच मोठ्या अक्षरांत वाचावे.

माहितीच्या बाजारात विकणारे पुष्कळ आहेत. कोणत्याही चित्रफितीविषयी एवढे विचारावे, की ही पाहून मी पैसे खर्च केले तर ते कोणाच्या घरी जातील. उत्तर बोलणाऱ्याच्याच घरी असेल, तर त्याचे म्हणणे साक्ष म्हणून ऐकावे, निकाल म्हणून नव्हे. जून २०२४ मध्ये नीटमधील गैरप्रकारांच्या तपासात लातूरचे नाव वृत्तपत्रांत आले, तेव्हा या शहराने प्रामाणिक कष्टांनी मिळविलेल्या लौकिकाला झालेली इजा येथील प्रत्येक सच्च्या शिक्षकाला स्वतःची वाटली असेल. पण मला त्याहून अधिक दुःख होते ते रिपीटर बॅचमध्ये तिसऱ्या वर्षी बसलेल्या त्या मुलाचे, ज्याला कोणी सांगितलेच नाही, की त्याच्या क्रमांकावर त्याच वर्षी भौतिकोपचाराचे दार त्याला उघडे होते, आणि त्याच्या स्वभावाला ते कदाचित अधिक मानवले असते.

१९६६ साली काही तरुण डॉक्टर लातुरात आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले, त्यांतील डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण मिळाले. परंतु आरोग्यसेवा एकट्या डॉक्टरांच्या बळावर चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यांखालून काढलेल्या माणसांना जे हात प्रथम लागले ते एकट्या शल्यविशारदांचे नव्हते. जखम धुणारे, हाड बसवताना धरून ठेवणारे, रक्ताचा गट पाहणारे, औषध मोजून देणारे, नावे लिहून घेणारे असे कितीतरी होते. त्या यादीतील कोणाचे काम आपल्याला साधेल, हे पाहण्यासाठी सर्व पाने वाचून झाल्यावर एकदा प्रत्यक्ष रुग्णालयात जावे.

जाताना वैद्यकीय अधीक्षकांची रीतसर परवानगी घ्यावी, दुपारची वेळ निवडावी, आणि आई किंवा वडील यांना बरोबर न्यावे, कारण निर्णय त्यांचाही असतो. वरिष्ठ डॉक्टरांपेक्षा सिस्टरशी, ब्रदरशी, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाशी बोलावे. अभ्यासक्रम वाचून गेलेल्या मुलाने विचारलेला प्रश्न त्यांना लगेच ओळखू येतो, आणि ते हातचे काम थोडे बाजूला ठेवून मनापासून सांगतात: रात्रपाळी महिन्यात किती येते, एका सिस्टरकडे किती खाटा असतात, नोंदणीचे नूतनीकरण कसे होते, पगार मुदतीवर होतो की नाही. आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, तो हा, की तुमच्याबरोबर शिकून बाहेर पडलेले आज कोठे आहेत. कोणी जिल्हा परिषदेत रुजू झालेला असतो, कोणी पुण्याच्या खाजगी रुग्णालयात, कोणी आखाती देशात, आणि कोणी हा व्यवसाय सोडून स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेला असतो. ती पदे वहीत टिपून घ्यावीत, आणि घरी आल्यावर त्यांतील प्रत्येकाची ताजी जाहिरात उघडून अर्हतेचा रकाना पाहावा.